छोटी हॅचबॅक मोटार (ग्रामीण विदर्भातील खरेदी व वापर)

डिक्की बाहेर न काढता मागचे दार काचेसकट वर उघडणारी, चार मीटरपेक्षा आखूड मोटार म्हणजे छोटी हॅचबॅक. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना २००६ पासून करसवलत असल्यामुळे या वर्गातल्या जवळपास सगळ्या गाड्या त्याच मापात बेतलेल्या असतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांच्यावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १९८३ च्या मारुती ८०० नंतर सँट्रो व इंडिका (१९९८), वॅगन आर (१९९९), अल्टो (२०००), स्विफ्ट (२००५), क्विड (२०१५), टियागो (२०१६) अशी ही रांग वाढत गेली.

विदर्भातल्या खेड्यात अशी गाडी मुख्यतः तालुक्याच्या ठिकाणी जायला, अडीअडचणीला नागपूर, अमरावती किंवा अकोल्याचा दवाखाना गाठायला आणि सोयरिकीच्या लग्नांना लागते. शोरूममध्ये बोलणे होते ते मायलेज आणि स्क्रीनवर. गावात मात्र तिचे पोट जमिनीपासून किती उंच आहे आणि तिचे काम जाणणारा मिस्त्री किती लांब आहे, यावर सगळे ठरते.

निवड

गाडीखालची मोकळी उंची स्विफ्टला १६३, वॅगन आरला १६५ आणि क्विडला १८४ मिलिमीटर आहे. हे आकडे रिकाम्या गाडीचे. पाच माणसे आणि तुरीचे कट्टे भरले की दोन-तीन सेंटिमीटर सहज जातात. बंडी (बैलगाडी) आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पांदण रस्त्यात, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत, दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये वरंबा उरतो. पावसाळ्यानंतर काळी माती वाळली की हा वरंबा थेट इंजिनाच्या खालच्या ऑइलच्या भांड्याला, म्हणजे मिस्त्री ज्याला चेंबर म्हणतात त्याला घासतो. चेंबर फुटला तर तीन-साडेतीन लिटर ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर येते आणि लाल दिवा लागतो. त्या क्षणी इंजिन बंद केले तर चेंबर बदलून, नवे ऑइल भरून भागते. ‘गावापर्यंत नेऊ’ म्हणून चालवली तर क्रँकची (इंजिनातल्या फिरत्या दांड्याची) बेअरिंगे धरतात आणि पूर्ण इंजिन खोलावे लागते. उपाय साधा आहे: एका बाजूची चाके वरंब्यावर आणि दुसऱ्या बाजूची चाकोरीबाहेरच्या काठावर ठेवून चालवायचे. ज्यांच्या घरापर्यंत डांबर नाही त्यांनी खालून लोखंडी संरक्षक पत्रा बसवून घ्यावा, पण ऑइल काढायच्या बोल्टखाली त्याला भोक ठेवायला सांगावे.

गिअर हातानेच बदलायचे असलेले बरे. ऑटोमॅटिकच्या स्वस्त प्रकारात (एएमटी) क्लच दाबायचे काम यंत्र करते. चिखलात पुढे-मागे झुलवून गाडी काढायची तर ते गोंधळते, तापते, आणि बिघडल्यावर दोष शोधणाऱ्या यंत्राशिवाय, म्हणजे स्कॅनरशिवाय, कळत नाही. तालुक्यातल्या अनेक गॅरेजांत तो नसतो. सीएनजी घेण्याआधी रोजच्या वाटेवर पंप आहे का ते पाहावे. टाकीने डिक्की जाते आणि दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे मानक लागू झाल्यापासून या वर्गात डिझेल जवळपास उरले नाही.

पैसे

किंमत विचारायची ती ऑन-रोड, म्हणजे कर, विमा आणि नोंदणी धरून. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात ११ टक्के एकरकमी कर लागतो, म्हणजे सहा लाखांच्या गाडीवर ६६ हजार. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याचा) सक्तीचा आहे: १००० सीसीपर्यंत ६,५२१ आणि १५०० सीसीपर्यंत १०,६४० रुपये, त्यावर जीएसटीचा नियम त्या वेळी असेल तसा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. बाहेरचा दर आणून दाखवला की शोरूमचाही उतरतो. ‘हँडलिंग’ नावाची रक्कम पावतीत दिसली तर ती काढायला लावावी.

दसरा आणि पाडव्याला गाडीची पूजा होते, सूट मात्र वर्षअखेरीस जास्त मिळते. पण डिसेंबरात घेतलेली गाडी जानेवारीत कागदावर एक वर्ष जुनी ठरते आणि पुढे विकताना तेवढा भाव पडतो. दहा वर्षे वापरायची असेल तर हा तोटा नगण्य आहे. हप्ता दरमहा असतो, कापूस-सोयाबीनचे पैसे हंगामात येतात. म्हणून शेतकऱ्याने सहामाही हप्त्याची सोय बँकेत आधी विचारावी. पगारदाराच्या मापाचा हप्ता घेऊन जून-जुलैत बी-बियाण्याच्या तोंडावर तो थकतो.

ऊन आणि पाणी

उन्हाळ्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला भागांत पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा वेळी रेडिएटरमध्ये काय भरले आहे याला महत्त्व येते. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतणे म्हणजे ॲल्युमिनियमचे इंजिन आतून कुरतडायला देणे. क्षारांचा थर नळ्यांत बसतो, पाणी फिरत नाही, काटा वर जातो आणि शेवटी हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचे सील) जाते. डिक्कीत तयार कूलंटची एक लिटरची बाटली कायम असावी. अगदीच अडले तर बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी सावलीत उभी. झाकण अर्ध्या-पाऊण तासाने, इंजिन निवल्यावरच उघडावे. त्याच खाऱ्या पाण्याने गाडी धुतली तर उन्हात पांढरे डाग उमटतात आणि दाराच्या खालच्या कडा गंजतात, तेव्हा शेवटचा हात गोड्या पाण्याच्या फडक्याने मारावा.

टायरमधली हवा सकाळी, गाडी थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरावी. बहुतेक गाड्यांना ती ३० ते ३६ पीएसआय असते. तापलेल्या टायरची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढू नये. टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार आकडे तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२० म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी सहा वर्षांपुढच्या टायरवर ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर चढू नये. सपाट, सरळ सिमेंट आणि १२० चा वेग यांत जुने, कमी हवेचे टायर तापून फुटतात.

पावसाळ्यात नाल्याच्या रपट्यावर (ठेंगण्या पुलावर) पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आले असेल तर थांबावे. हवेच्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये गेले की पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी सेल मारून पाहणे ही त्यातली सर्वांत महाग चूक. साध्या विम्यातून ते नुकसान सहसा मिळत नाही.

कुटार, उंदीर, रोही

ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर सोयाबीन पसरलेले असते. त्यावरून गाडी नेली की काड्या ॲक्सलला गुंडाळतात आणि तापलेल्या सायलेंसरला टेकून पेट घेऊ शकतात. करपल्याचा वास आला तर गाडी डांबरावर उभी करून, खाली वाकून, काड्या काठीने काढाव्यात. कुटाराच्या (मळणीनंतरच्या भुशाच्या) किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) ढिगाजवळ गाडी लावण्याचा दुसरा तोटा उंदरांचा. ते इंजेक्टरच्या, ब्रेकच्या एबीएस सेन्सरच्या तारा आणि काच धुण्याची नळी तोडतात. गुरांच्या कोठ्यापासून दूर, उजेडात गाडी ठेवून आठवड्यातून दोनदा बोनेट उघडणे हे डांबराच्या गोळ्यांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

रात्री रोही (नीलगाय) आडवी आली तर सरळ ब्रेक दाबावा, वळवू नये. हलकी गाडी वळवताना उलटते. एक गेली की मागे कळप आहे असे धरून थांबावे. बिनदिव्याच्या ट्रॉल्यांचा धोका याहून कमी नाही.

जुनी गाडी

सर्व्हिसचा इतिहास चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये निघतो. मीटरमधला आकडा त्याच्याशी ताडावा. बोनेट आणि दारांच्या बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा दिसल्या तर अपघात झालेला असू शकतो. सीटच्या रुळांवर गंज असेल तर गाडी पाण्यात गेली असावी. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, एवढे घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. नाव बदलायचे राहिले तर पुढच्या अपघाताची नोटीस जुन्या मालकाच्या घरी जाते, म्हणून विकणाऱ्यानेही आरटीओला १४ दिवसांत कळवावे. नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर तपासणी आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते.