कॅम्परच्या स्क्रूला गंज का चढतो : पार्श्वभूमी

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, बाहेरच्या पत्र्यावर स्क्रूभोवती पांढरी पूड जमली किंवा स्क्रूच्या डोक्याखालून तांबूस ओघळ उतरला, की दोष बहुधा स्क्रूला दिला जातो. खरे तर तो दोष एकट्या स्क्रूचा क्वचितच असतो. तो स्क्रू आणि पत्रा यांच्या जोडीचा असतो, आणि ही गोष्ट अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी, चाकांऐवजी शिडांवर चालणाऱ्या एका वाहनाने दाखवून दिली होती.

लाकूड पोखरणाऱ्या सागरी किड्यांपासून बचाव व्हावा म्हणून ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा मढवला. १७६३ मध्ये तपासणी झाली तेव्हा पत्रा शाबूत होता, पण त्याला लागून असलेले लोखंडी खिळे अनेक ठिकाणी झिजून निकामी झाले होते. काही खिळे मात्र धडधाकट निघाले, कारण पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते तो कागद त्या जागी कामगारांनी काढलाच नव्हता. (कामातल्या हयगयीने शास्त्राला इतका हात क्वचितच दिला असेल.) खाऱ्या पाण्यात लोखंड तांब्याला थेट टेकू देऊ नये, एवढा निष्कर्ष तेव्हा निघाला; त्यामागचे कारण, म्हणजे खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकलेल्या दोन वेगळ्या धातूंचा विद्युतघट बनतो आणि त्यातला एक धातू झिजतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० मध्ये विद्युतघट बनवल्यानंतरच उलगडू लागले.

ते कारण उलटे वापरता येते, हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये दाखवले. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले, की ते तुकडे झिजतात आणि तांबे वाचते. लोखंडावर जस्त चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट स्टॅनिस्लास सोरेल याने १८३७ मध्ये फ्रान्समध्ये घेतले, आणि आजचा जस्ताच्या मुलाम्याचा स्क्रू त्याच वंशातला आहे. फरक थराच्या जाडीचा आहे. दुकानातल्या चकचकीत स्क्रूवर विजेने चढवलेला थर साधारण ५ ते ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या बोल्टवर तो ४५ मायक्रॉनच्या आसपास भरतो. त्यामुळे पहिला प्रकार गाडीच्या आतल्या कपाटांपुरताच ठेवलेला बरा.

धातुशास्त्रज्ञ हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्डला क्रोमियमयुक्त पोलाद ओतले आणि पुढे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू सर्वत्र रुळले. दरम्यान अमेरिकेत १९३६ च्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ने रिव्हेट मारलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे चाकांवरचे घर लोकप्रिय केले, आणि त्याच सुमारास, १९३८ मध्ये, न्यू हॅम्पशायर राज्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकून पाहण्यात आले. ॲल्युमिनियमचा पत्रा, पोलादी सांगाडा आणि चाकांनी उडवलेले खारे पाणी एकत्र आले, म्हणजे ‘अलार्म’चा तळ जणू महामार्गावर आला. स्टेनलेस स्क्रू इथे स्वतः गंजत नाही, पण ओल टिकून राहिली तर भोवतालचे ॲल्युमिनियम खातो आणि छिद्र सैल करतो. पत्रा मोठा व स्क्रू लहान असल्याने हे सावकाश घडते, एवढाच दिलासा. मोठ्या स्टेनलेस पट्टीला ॲल्युमिनियमचे छोटे रिव्हेट मारले, तर मात्र ते लवकर संपतात.

म्हणून जाणते कारागीर स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर देतात, आट्यांना जस्तयुक्त किंवा गंजरोधक पेस्ट लावतात आणि पट्टीखाली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) दाबतात. तपकिरी कागदाचे काम आता वॉशर, पेस्ट आणि टेप ही मंडळी करतात, शिवाय पाणीही बाहेर थोपवतात.