दंतोपचारभीती

दंतोपचारभीती : दातांवरील उपचारांच्या कल्पनेने किंवा प्रत्यक्ष उपचाराच्या वेळी वाटणारी चिंता, धास्ती अथवा तीव्र भय. अभ्यासक तिच्यात साधारणपणे तीन पायऱ्या मानतात. उपचार अजून लांब असताना मनाला लागून राहणारा घोर ही चिंता. सुई, ड्रिल किंवा चिमटा समोर आल्यावर वाटते ती भीती. आणि दाढ रात्रभर ठणकत असूनही माणसाला दवाखान्याची पायरी चढू देत नाही तो भयगंड. प्रत्यक्षात या पायऱ्यांमधील सीमा पुसट आहेत आणि शोधनिबंधांतही त्या काटेकोरपणे पाळल्या जात नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार जगभरातील प्रौढांमध्ये या भीतीचे प्रमाण सुमारे १५ टक्के, तर अतितीव्र भीतीचे सुमारे ३ टक्के आहे. स्त्रियांमध्ये आणि तरुण प्रौढांमध्ये ते अधिक आढळते. मात्र यातील बहुतेक मूळ अभ्यास उत्तर व पश्चिम युरोप, उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील आहेत.

वेदना हेच या भीतीचे मूळ, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. त्यामुळे तिच्यावरचे पहिले उपायही वेदनाशमनाचेच होते. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकन दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड (हास्यवायू) हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. १८८४ नंतर कोकेनने आणि विसाव्या शतकाच्या आरंभी प्रोकेनने जबड्याचा भाग बधिर करता येऊ लागला. स्वीडनमध्ये १९४३ मध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन हे बधिर करणारे औषध तयार केले आणि उपचार बव्हंशी वेदनारहित होण्याची सोय झाली. तरीही भीती नाहीशी झाली नाही. या विषयाचा स्वतंत्र मानसशास्त्रीय अभ्यास साधारणतः १९५० ते १९७० या काळात आकाराला आला असे म्हणता येते.

मापन : या अभ्यासाला पाया मिळाला तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन कोरा यांच्या १९६९ च्या प्रश्नावलीने. तिच्यात चारच प्रश्न आहेत : उद्या दंतवैद्याकडे जायचे आहे, प्रतीक्षालयात पाळीची वाट पाहत आहात, खुर्चीत बसला आहात आणि दंतवैद्य ड्रिल सज्ज करत आहे, दात साफ करण्याची अवजारे मांडली जात आहेत, अशा वेळी तुम्हाला कसे वाटेल? एकूण गुण ४ ते २०. या प्रश्नांत इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता. जेरी हम्फ्रिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये पाचवा प्रश्न जोडून ही उणीव भरून काढली. तो प्रश्न अगदी नेमका आहे : वरच्या मागच्या दाढेवरील हिरडीत सुई टोचली जाणार असेल तर कसे वाटेल? या सुधारित श्रेणीत ५ ते २५ गुण मिळतात आणि १९ किंवा अधिक गुण तीव्र भीतीचे निदर्शक मानतात. ब्रिटनमधील २००९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १२ टक्के प्रौढ या रेषेच्या वर होते. रोनाल्ड क्लाइनक्नेख्ट यांची १९७३ मधील प्रश्नावली टाळाटाळ, छातीतील धडधड, घाम इ. शारीरिक खुणाही नोंदवते.

प्रश्न विचारल्याने भीती उलट वाढेल, अशी शंका पुष्कळ दंतवैद्यांना होती. ती निराधार ठरली. २००२ मधील एका यादृच्छिक नियंत्रित चाचणीत (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडून केलेल्या तुलनेत) काही रुग्णांची भरलेली प्रश्नावली उपचाराआधी दंतवैद्याच्या हाती दिली गेली, काहींची दिली गेली नाही. ज्यांची दिली गेली त्यांची चिंता उपचारानंतर अधिक उतरलेली आढळली. आपली भीती समोरच्या माणसाला ठाऊक आहे, एवढ्यानेही फरक पडतो. या क्षेत्रातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित निष्कर्ष बहुधा हाच असावा.

उगम : भीती नेमकी कोठून येते, हा येथील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. अभिसंधान सिद्धांतानुसार वेदनेचा एक कटू अनुभव खुर्ची, ड्रिलचा आवाज, औषधांचा वास यांच्याशी जोडला जातो आणि पुढे त्या खुणाच भय जागे करतात. एस. रॅकमन यांनी १९७७ मध्ये भीतीचे तीन मार्ग सांगितले : स्वतःचा अनुभव, दुसऱ्याला घाबरलेले पाहणे आणि कानावर आलेली माहिती. भित्र्या रुग्णांपैकी बहुतेक जण जुन्या वेदनादायक प्रसंगाकडे बोट दाखवतात, हे खरे. पण तसाच प्रसंग सोसूनही न घाबरणारेही पुष्कळ असतात. ग्रॅहम डेव्ही यांनी १९८९ मध्ये याचा उलगडा असा केला की, न घाबरणाऱ्यांच्या वाट्याला त्या प्रसंगापूर्वी वेदनारहित भेटी अधिक आलेल्या असतात, आणि आधीचे ते साधे अनुभव पुढच्या वाईट अनुभवाची धार बोथट करतात. नेदरलँड्समधील मुलांवरचे नंतरचे अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. दात दुखेपर्यंत थांबून मुलाला पहिल्यांदा थेट दाढ काढायलाच नेणे घातक का, याचे उत्तर येथे मिळते.

आठवण हा पुरावा म्हणून कितपत विश्वसनीय आहे, हा पुढचा पेच. जेरी केंट यांनी १९८५ मध्ये रुग्णांना उपचारापूर्वी अपेक्षित वेदना, लगेच नंतर प्रत्यक्ष वेदना आणि तीन महिन्यांनी आठवणारी वेदना विचारली. आठवणीतील वेदना प्रत्यक्षापेक्षा अपेक्षित वेदनेशी अधिक जुळली, विशेषतः अधिक चिंताग्रस्त रुग्णांत. म्हणजे चांगला गेलेला उपचारही भित्र्या मनात वाईट म्हणूनच साठू शकतो. मग ‘लहानपणी फार दुखले होते’ या कथनावर उभे असलेले सारे अभ्यास सावधपणे वाचावे लागतात. डेव्हिड लॉकर यांच्या कॅनडातील अभ्यासात (१९९९) चिंताग्रस्त प्रौढांपैकी सुमारे निम्म्यांनीच सुरुवात बालपणी झाल्याचे सांगितले. उरलेल्यांत ती पौगंडावस्थेत किंवा प्रौढपणी झाली होती.

ऑस्ट्रेलियातील जेसन आर्मफील्ड यांनी २००६ मध्ये वेगळी मांडणी केली. परिस्थिती आपल्या हाताबाहेर आहे, पुढे काय होईल ते कळत नाही, ती धोक्याची आहे आणि किळसवाणी आहे. या चार जाणिवांतून भय उपजते, घडून गेलेल्या प्रसंगांतून नव्हे, असे ते म्हणतात. त्यांच्या पाहण्यांत या जाणिवांचा भीतीशी असलेला संबंध जुन्या अनुभवांपेक्षा कितीतरी घट्ट निघाला. यावर आक्षेप असा की, एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही, आणि या जाणिवाही अनुभवांतूनच घडलेल्या असू शकतात. तरी खुर्चीतील माणसाची अवस्था पाहता ही मांडणी अधिक समाधानकारक वाटते : तो आडवा झालेला, तोंड उघडे, त्यात बोटे आणि अवजारे, डोळ्यांवर दिव्याचा झोत, बोलता येत नाही, दिसत काही नाही. दुखत काहीच नसतानाही मुठी का आवळल्या जातात, हे केवळ वेदनेच्या आधारे सांगता येत नाही. दंतवैद्याचे तुसडे वागणे हेही भीतीचे कारण म्हणून १९७९ मधील एका अमेरिकन अभ्यासात रुग्णांनी नमूद केले होते.

काही अभ्यासांत आनुवंशिकतेचाही वाटा दिसतो. २००९ मधील एका अमेरिकन अभ्यासात लाल केसांशी निगडित जनुकभेद असलेल्या व्यक्तींमध्ये दंतवेदनेची भीती अधिक आढळली. त्यांना बधिर करण्याचे औषध कमी लागू पडत असावे, असे एक स्पष्टीकरण दिले जाते.

भीती टिकते कशी, याविषयी मात्र फारसा वाद नाही. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील उल्फ बर्गग्रेन यांनी १९८४ मध्ये वर्णिलेले दुष्टचक्र सर्वमान्य आहे : भीतीमुळे टाळाटाळ, टाळाटाळीमुळे किडणारे दात, त्यांची लाज आणि अखेर नाइलाजाने घ्यावा लागणारा मोठा उपचार, जो भीती खरी ठरवतो. यातील लाज हा दुवा महत्त्वाचा आहे. ‘इतके दिवस काय करत होता?’ या एका प्रश्नाने रुग्ण पुन्हा कित्येक वर्षे दूर जाऊ शकतो.

वर्गीकरण : अमेरिकन मानसोपचार वर्गीकरणात हा भयगंड रक्त, इंजेक्शन व जखम यांच्या भीतीत मोडतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात मात्र दंतोपचार आणि रक्त ही वेगवेगळी उदाहरणे दिली आहेत. रक्ताच्या भीतीत रक्तदाब एकदम उतरून भोवळ येते. दंतोपचारभीतीत ती तुलनेने क्वचित, आणि हृदयाचे ठोके वाढणे हेच नेहमीचे. त्यामुळे वेगळी गणना अधिक ग्राह्य वाटते. हा केवळ शास्त्रार्थ नव्हे : भोवळ येणाऱ्यास अंग सैल सोडायला सांगणे चूक ठरते, त्याने स्नायू आवळून रक्तदाब टिकवायचा असतो.

उपचार : गुंगीची औषधे त्या दिवसापुरती निभावून नेतात. २००० मधील एका जर्मन चाचणीत शामक औषध आणि एका बैठकीचा मानसोपचार, दोन्हींनी शस्त्रक्रियेच्या दिवशी चिंता उतरली. पण औषध घेतलेल्यांची ती परत आली. पुढे दंतोपचार चालू ठेवणाऱ्यांत ७० टक्के रुग्ण मानसोपचाराच्या गटातील होते. बोधात्मक वर्तनोपचारात (विचार व वर्तन यांत बदल घडवणाऱ्या मानसोपचाराच्या पद्धतीत) भीतीदायक गोष्टींची चढती उतरंड लावून एकेका पायरीचा सामना केला जातो : आधी आरसा तोंडात, मग बंद ड्रिल हातात, मग त्याचा आवाज. लंडनच्या एका विशेष केंद्रातील १३० रुग्णांच्या २०१५ मधील अहवालात ७९ टक्के रुग्णांनी पुढे गुंगीशिवाय उपचार घेतले. नेहमीच्या दवाखान्यात हात वर करताच काम थांबवण्याचा संकेत ठरवून घेतात. तो एकदा तरी पाळला गेलेला रुग्णाने अनुभवणे आवश्यक असते. संगीत, लव्हेंडरचा गंध यांचे परिणाम माफक आहेत. २०१८ मधील एका इंग्लिश प्रयोगात आभासी वास्तवातील समुद्रकिनाऱ्यावरच्या फेरफटक्याने वेदना कमी जाणवली, आभासी शहरातल्या फेरफटक्याने तसे झाले नाही.

मुलांसाठी ‘सांगा, दाखवा, करा’ ही १९५९ मध्ये मांडली गेलेली पद्धत आजही प्रचलित आहे : ड्रिलविषयी सोप्या शब्दांत सांगायचे, ते बोटाच्या नखावर फिरवून दाखवायचे, आणि मगच दाताला लावायचे. पालकांनी आत थांबावे की नाही यावर एकमत नाही. १९६२ मधील एका अमेरिकन अभ्यासात साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांना आई जवळ असल्याचा फायदा झाला, त्याहून मोठ्या मुलांत फरक दिसला नाही.