लक्ष्यवेधी कर्करोगोपचार

कर्कपेशी ज्या विशिष्ट प्रथिनाच्या जोरावर वाढते, नेमके त्यालाच रोखणारी उपचारपद्धती. रुग्णालयात सगळे हिला ‘टार्गेटेड थेरपी’च म्हणतात. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या सगळ्याच पेशींना मारते, म्हणून केस गळतात, तोंड येते. लक्ष्यवेधी औषधे निवडक असली तरी निर्धोक नाहीत : ईजीएफआर हे पेशीला वाढीचा संदेश देणारे प्रथिन रोखणाऱ्या गोळ्यांनी पुरळ आणि जुलाब होतात, स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबने काहींचे हृदय दुबळे होते.

१९६० मध्ये पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएल या रक्ताच्या कर्करोगात एक तोकडे गुणसूत्र दिसले. गुणसूत्र ९ आणि २२ यांच्या तुकड्यांची अदलाबदल झाल्याने ते तसे होते, हे जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवले. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे सतत चालू राहणारे प्रथिन बनते. ते बंद पाडणाऱ्या इमॅटिनिबला अमेरिकेत मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. पहिल्या चाचणीत पुरेसा डोस घेतलेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींचे प्रमाण पूर्ववत झाले होते. एवढे लख्ख यश या क्षेत्रात पुन्हा क्वचितच दिसले, कारण बहुतेक कर्करोग एकाच बिघाडावर उभे नसतात.

बाजारातील चुरस समजून घ्यायची तर औषधरोध, म्हणजे रोगाने औषधाला दाद न देणे, समजून घ्यावा लागतो. बीसीआर-एबीएलमध्ये ३१५ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी आयसोल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल आले की तिथली जागा अडते आणि इमॅटिनिब बसतच नाही. डॅसॅटिनिब (२००६) आणि निलोटिनिब (२००७) इतर अनेक बदलांना पुरून उरली, पण इथे तीही अडली. पोनॅटिनिबचा (२०१२) सडपातळ रेणू त्या अडथळ्याशेजारून आत शिरतो; मात्र रक्तवाहिन्यांत गुठळ्या होत असल्याने २०१३ मध्ये अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली. एका औषधाला दाद न देणारा रोग हीच पुढच्या औषधाची बाजारपेठ ठरते.

दुसरी गुरुकिल्ली तपासणीची. फुप्फुसाच्या कर्करोगावरचे गेफिटिनिब २००३ मध्ये सरसकट दिले जाऊ लागले आणि अनेकांना उपयोग झाला नाही. ईजीएफआर जनुकात ठरावीक बदल असलेल्यांनाच त्याचा खरा गुण येतो, हे २००४ मध्ये कळले. म्हणून गाठीची जनुकीय चाचणी न करता अशी गोळी सुरू करणे चुकीचेच. केरास हे पेशीच्या वाढीला चालना देणारे आणखी एक प्रथिन मात्र औषधाने रोखणे दशकानुदशके अशक्य मानले गेले. २०१३ मध्ये त्याच्या एका उत्परिवर्तित रूपात खाच सापडली आणि २०२१ मध्ये सोटोरॅसिब आले. पुढच्याच वर्षी प्रतिस्पर्धी अॅडॅग्रॅसिबही दाखल झाले.

एकाच लक्ष्यावर इतक्या कंपन्यांची गर्दी होते, तेव्हा दुर्मीळ कर्करोग मागे पडतात, ही या स्पर्धेची खरी उणीव. पेटंट संपले की गोळ्यांच्या जेनेरिक आवृत्त्या येतात. ट्रास्टुझुमॅबसारखी प्रतिपिंडे जिवंत पेशींत तयार होतात, त्यामुळे त्यांची हुबेहूब नक्कल शक्य नसते. त्यांच्या ‘बायोसिमिलर’ आवृत्त्यांना साम्य वेगळे सिद्ध करावे लागते. सीएमएलमध्ये तर आता गोळी थांबवण्यापर्यंत मजल गेली आहे : दीर्घकाळ खोलवर प्रतिसाद टिकलेल्या, म्हणजे रोगाचा अंश जेमतेमच उरलेल्या, रुग्णांनी कोणत्या निकषांवर आणि कशा देखरेखीखाली औषध बंद करावे, ही माहिती २०१७ मध्ये अमेरिकेत निलोटिनिबच्या अधिकृत माहितीपत्रकात आली.