पक्षाध्यक्ष कोण आणि विरोधी पक्षनेता कोण?

विरोधातल्या पक्षाने नवा अध्यक्ष नेमला की आमच्या खान्देशात प्रश्न ठरलेला असतो: "अध्यक्ष बदलना, मंग विरोधी पक्षनेताबी बदलना का?" प्रश्न रास्त आहे, कारण बातम्यांमध्ये दोघांनाही सरसकट 'पक्षाचे नेते' म्हणतात. उत्तर मात्र 'नाही' असंच आहे.

गोंधळाला ब्रिटनच्या बातम्याही हातभार लावतात. तिथे ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. जुलै २०२४ मध्ये हुजूर पक्षाची सत्ता गेली आणि ऋषी सुनक यांनी नेतेपद सोडायचं ठरवलं. खासदारांनी फेरीमागून फेरी मतदान करून इच्छुकांमधून दोघे शिल्लक ठेवले आणि अखेरचा कौल पक्षाच्या सदस्यांनी दिला. केमी बेडनॉक यांना ५३,८०६ मतं पडली, रॉबर्ट जेनरिक यांना ४१,३८८. २ नोव्हेंबरला निकाल लागला आणि बेडनॉक पक्षनेत्या झाल्या, त्याबरोबर विरोधी पक्षनेत्याही झाल्या.

आपल्याकडे अध्यक्ष हा संघटनेचा असतो. तो आमदार-खासदार असलाच पाहिजे असं नाही, आणि त्याला निवडताना सभागृहाचा काही संबंध येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदासाठी मतदान घेतलं, तेव्हा मतदार होते प्रदेश काँग्रेसचे प्रतिनिधी. मल्लिकार्जुन खर्गे यांना ७,८९७ मतं मिळाली, शशी थरूर यांना १,०७२, आणि ४१६ बाद झाली. विरोधी पक्षनेता मात्र सभागृहातला असतो. विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाचा गटनेता, म्हणजे त्या पक्षाच्या आमदारांचा सभागृहातला नेता, आणि त्याला अध्यक्षांची मान्यता. हे अध्यक्ष म्हणजे विधानसभेचे, पक्षाचे नव्हेत. अर्धा घोळ इथेच होतो.

हा फरक समजून घ्यायला खान्देशाबाहेर जायची गरजच नाही. पूर्वीचं एदलाबाद, म्हणजे आजचं मुक्ताईनगर, या एका मतदारसंघाने राज्याला दोन विरोधी पक्षनेते दिले. प्रतिभाताई पाटील १९७९-८० मध्ये विधानसभेत विरोधी पक्षनेत्या होत्या. प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या त्या १९८८ मध्ये, आणि तेव्हा त्या विधानसभेत नव्हत्याच, राज्यसभेवर होत्या. दुसरे नाथाभाऊ, म्हणजे एकनाथ खडसे. २००९ ते २०१४ अशी पाच वर्षं ते विरोधी पक्षनेते होते. त्या काळात भाजपचं प्रदेशाध्यक्षपद सुधीर मुनगंटीवारांकडून देवेंद्र फडणवीसांकडे गेलं, पण सभागृहात नाथाभाऊंची खुर्ची हलली नाही. प्रदेशाध्यक्ष बदलला म्हणून ती हलायचं कारणच नव्हतं.

अधिकारही वेगळे. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी तहसील कचेरीसमोर कार्यकर्ते कशाची वाट बघतात? एबी फॉर्मची. उमेदवारी कोणाला द्यायची हे कळवायचा अधिकार कोणाकडे, ते ए फॉर्म सांगतो, आणि उमेदवाराचं नाव असतं बी फॉर्मवर. सही शाईचीच लागते, रबरी शिक्का चालत नाही, आणि दुपारी तीनच्या आत कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडावा लागतो. ही ताकद संघटनेची. विरोधी पक्षनेता कितीही गाजलेला असो, त्या पदाच्या जोरावर तो कोणाला तिकीट देऊ शकत नाही. त्याला मिळतो तो मंत्र्याचा दर्जा आणि सभागृहात सरकारला जाब विचारायचा पहिला मान. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. कापसाच्या भावावर किंवा केळीच्या पीकविम्यावर सरकारला उत्तर द्यायला उभं करायचं ते सभागृहातच. पक्ष कार्यालयातली पत्रकार परिषद ते काम करत नाही.

पक्ष मोठा की आमदारांचा गट मोठा, हा वाद शिवसेनेच्या फुटीनंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. अपात्रतेच्या मागणीत ज्या १६ आमदारांची नावं होती, त्यांत चोपड्याच्या लता सोनवणे आणि एरंडोलचे चिमणराव पाटील होते. मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, बजावणारा) आणि सभागृहातला नेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळातल्या गटाचा नाही.

म्हणजे गटनेता पक्ष ठरवतो. पण त्या गटनेत्याला विरोधी पक्षनेता करणं पक्षाच्या हातात नसतं. एकूण जागांच्या दहा टक्के आमदार हवेत, हा प्रघात आडवा येतो. २०१४ ते २०२४ या काळात काँग्रेसचे अध्यक्ष बदलत गेले, पण लोकसभेत विरोधी पक्षनेता नव्हता, कारण आधी ४४ आणि मग ५२ खासदार, आणि लागत होते ५५. नोव्हेंबर २०२४ नंतर आपल्या विधानसभेत तेच झालं. २८८ चे दहा टक्के म्हणजे २९, आणि विरोधातल्या सर्वांत मोठ्या पक्षाकडे, उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेकडे, २० आमदार. फेब्रुवारी २०२५ मध्ये काँग्रेसने हर्षवर्धन सपकाळ यांना प्रदेशाध्यक्ष आणि विजय वडेट्टीवार यांना विधिमंडळ पक्षनेते केलं. दोन्ही नेमणुका झाल्या, तरी विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामीच राहिली. हा दहा टक्क्यांचा दंडक विरोधी पक्षनेत्याच्या वेतनाच्या कायद्यात लिहिलेला नाही, म्हणून मला तो पटत नाही. माहिती अधिकार कायद्याने याची सोय करून ठेवली आहे: माहिती आयुक्त निवडताना विरोधी पक्षनेता नसेल, तर विरोधातल्या सर्वांत मोठ्या गटाचा नेता त्या समितीत बसतो.