पाबिकुतिबुदोगोलातु: आठ महिन्यांच्या बाळाचा हिशोब

बोलताना आपण दोन शब्दांमध्ये क्षणभर थांबतो आणि त्या फटींवरून मूल शब्द ओळखायला शिकतं, अशी बहुतेकांची समजूत असते. ती तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. "आई आता येईल" हे वाक्य नेहमीच्या वेगात फोनवर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आलेख मोठा करून पाहा. 'आई' आणि 'आता' यांच्यामध्ये रेषा कुठेच सपाट होत नाही, 'आता' आणि 'येईल' यांच्यामध्येही नाही. ती सपाट होते 'आता'च्या पोटात. 'त' उच्चारण्यापूर्वी जीभ दातांमागे टेकून हवा अडवते, तेवढी साधारण ५० ते १०० मिलिसेकंदांची शांतता तिथे दिसते. शांततेवर भरवसा ठेवून शब्द तोडायला बसलेलं मूल 'आता'चे दोन तुकडे करील आणि 'आईआ' एकत्र ठेवील.

मग मुलं शब्द वेगळे करतात कशाच्या आधारावर? अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या जेनी सॅफ्रन, रिचर्ड अ‍ॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी १९९६ साली 'सायन्स' नियतकालिकात याचं एक उत्तर प्रसिद्ध केलं. प्रयोगाची रचना इतकी नेटकी आहे की ती आकड्यांसकट समजून घ्यायला हवी.

त्यांनी चार निरर्थक शब्द घेतले: पाबिकु, तिबुदो, गोलातु, दारोपि. संगणकाने ते एकाच पट्टीत, कुठेही न थांबता, कशावरही जोर न देता, मिनिटाला २७० अक्षरं या वेगाने उच्चारले. क्रम यादृच्छिक होता, फक्त एकच शब्द लागोपाठ दोनदा येत नव्हता. प्रत्येक शब्द ४५ वेळा, म्हणजे एकूण १८० शब्द, ५४० अक्षरं, बरोबर दोन मिनिटं. आठ महिन्यांच्या बाळांना एवढंच ऐकवलं.

या प्रवाहात शब्दाची सीमा सांगणारी एकच खूण उरते. 'पा' आलं की पुढे 'बि' येणारच, आणि 'बि' आलं की 'कु' येणारच. ही शक्यता १. पण 'कु'नंतर 'ति', 'गो' किंवा 'दा' यांपैकी काहीही येऊ शकतं, म्हणून तिथे शक्यता एक तृतीयांशावर घसरते. एका अक्षरानंतर दुसरं येण्याच्या या शक्यतेला संक्रमण-संभाव्यता म्हणतात. ती जिथे घसरते तिथे शब्द संपतो.

बाळांना हे कळलं का, ते त्यांना विचारता येत नाही. त्यासाठी बाळाला आई किंवा वडिलांच्या मांडीवर बसवतात. समोरचा दिवा लुकलुकतो, बाळाने तिकडे पाहिलं की तो विझतो आणि बाजूचा एक दिवा लागतो. बाळाने मान वळवली की त्या बाजूच्या स्पीकरवरून एक शब्द पुन्हा पुन्हा वाजू लागतो. बाळाने दोन सेकंद नजर काढून घेतली किंवा एकूण पंधरा सेकंद झाली की आवाज बंद. पालकांच्या कानांवर हेडफोन असतात आणि त्यांत संगीत चालू असतं, कारण कोणता शब्द वाजतोय हे त्यांना कळलं तर त्यांच्या नकळत होणाऱ्या हालचालीतून बाळाला इशारा मिळू शकतो. मान वळल्याची नोंद करणाऱ्यालाही आतला आवाज ऐकू येऊ देत नाहीत.

चाचणीत काही वेळा 'पाबिकु'सारखा खरा शब्द वाजला, काही वेळा 'पिगोला'सारखा जोडतुकडा. 'दारोपि'चं शेपूट आणि 'गोलातु'चं डोकं मिळून तो तयार होतो. बाळांनी जोडतुकडे सरासरी ७.६ सेकंद ऐकले, शब्द ६.८ सेकंद. शब्द ओळखीचे झाले होते, म्हणून लक्ष नव्याकडे जास्त गेलं. फरक लहान वाटला तरी तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला. आधी फार थोडा वेळ ऐकवलं तर मुलं उलट ओळखीच्याच आवाजाकडे जास्त वेळ पाहू शकतात, त्यामुळे अशा प्रयोगांत फरक कोणत्या दिशेचा आहे हे नीट तपासावं लागतं.

इथे एक शंका घ्यायलाच हवी. 'पाबिकु' बाळांच्या कानांवर ४५ वेळा पडला होता आणि 'पिगोला' सुमारे १५ वेळाच. मग बाळांनी संभाव्यता कशाला मोजायला हवी? नुसती मोजदाद केली तरी हाच निकाल येईल! शंका रास्त होती. याच तिघांनी १९९८ साली प्रवाह तीन मिनिटांचा केला, दोन शब्द ९० वेळा आणि दोन ४५ वेळा ठेवले. दोन वारंवार येणाऱ्या शब्दांच्या सांध्यावरचा जोडतुकडाही आता ४५ वेळाच येतो, म्हणजे कमी वेळा येणाऱ्या शब्दाइतकाच. मोजदाद सारखी, फरक फक्त संभाव्यतेचा. तरीही बाळांनी दोन्ही वेगळे ओळखले.

हा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "हे काय" ही जोडी मराठी घरातल्या मुलाच्या कानांवर सतत पडते, पण तो एक शब्द नाही. 'हे'नंतर शेकडो गोष्टी येऊ शकतात, आणि 'काय'च्या आधीही. वारंवारतेला फसायचं नसेल तर "किती वेळा ऐकलं" यापेक्षा "हे आलं की पुढे काय येतं" हा प्रश्न विचारावा लागतो, आणि बोलता न येणारं मूल तो विचारतं.

१९९९ साली याच गटाने अक्षरांच्या जागी सूर ठेवून तसाच प्रवाह ऐकवला, तेव्हाही मुलांनी आणि प्रौढांनी सुरांचे तिनाचे गट ओळखले. ही यंत्रणा केवळ भाषेपुरती नाही, हे त्यावरून दिसतं.

मेंदूत हे घडताना पाहताही येतं. मिनिटाला २७० अक्षरं म्हणजे सेकंदाला साडेचार, आणि तीन अक्षरांचे शब्द सेकंदाला दीड. डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या तर सुरुवातीला त्यांत अक्षरांच्या वेगाची लय स्पष्ट दिसते. ऐकणं चालू राहतं तसतशी तीन पट संथ, शब्दांच्या वेगाची लय वर येऊ लागते. आवाजात त्या वेगाचं काहीही नसतं, ना थांबा, ना चढउतार. ती लय मेंदूने स्वतः बसवलेली असते. एपिलेप्सीच्या शस्त्रक्रियेआधी ज्यांच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेले होते अशा रुग्णांवरच्या नोंदींत ही लय मेंदूच्या आवाज ग्रहण करणाऱ्या भागाच्या परिसरात आणि कपाळामागच्या भागातही सापडली, आणि कोणता शब्द आहे याची छाप हिप्पोकॅम्पसमध्ये दिसली. आठवणी जपणारा म्हणून हा भाग आपल्याला माहीत आहे.

गर्भसंस्काराच्या जाहिराती अशाच संशोधनाचा हवाला देतात, म्हणून थोडं स्पष्ट बोलायला हवं. फिनलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ताताता' हा निरर्थक शब्द वारंवार ऐकवलेल्या बाळांचा मेंदू जन्मानंतर त्या शब्दातल्या सुराच्या उंचीतल्या बदलाला जास्त ठळक प्रतिसाद देतो. गर्भ ऐकतो आणि आवाजाचा ठसा राहतो, इतकंच यातून सिद्ध होतं. पोटाच्या भिंतीतून आणि गर्भजलातून उंच कंपनं फारशी पोहोचत नाहीत, त्यामुळे बरीच व्यंजनं पुसट होतात आणि आत जातो तो मुख्यतः चढउतार आणि ताल. श्लोकाचा अर्थ किंवा चक्रव्यूहाचा भेद त्या वाटेने जात नाही. अशी विद्या विकणाऱ्या कार्यक्रमांवर गरोदर स्त्रीने एक रुपयाही खर्च करू नये.

पण केवळ संभाव्यतेवर खरी भाषा सुटत नाही. १९९६च्या प्रयोगातले सगळे शब्द तीन अक्षरी होते. दोन अक्षरी आणि तीन अक्षरी शब्द मिसळले तेव्हा, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, आठ महिन्यांच्या मुलांना ते वेगळे करता आले नाहीत. खऱ्या बोलण्यात तर शब्दांची लांबी सतत बदलते. मराठीत आणखी एक अडचण आहे: 'पाणी'ला प्रत्यय लागला की 'पाण्यात', 'पाण्याला', म्हणजे 'पा'नंतर कधी 'णी', कधी 'ण्या', शिवाय 'पाय' आणि 'पाऊस' आहेतच. शक्यता १ कुठेच नाही.

तिथे दुसऱ्या खुणा मदतीला येतात. बाळाशी आपण जो लाडिक, चढउताराचा सूर लावतो त्यात मुलांना शब्द तोडणं सोपं जातं, हे २००५ साली दिसून आलं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात सहा महिन्यांच्या मुलांना प्रवाहात स्वतःचं नाव किंवा 'मॉमी' ऐकू आलं की त्याच्या लगेच पुढचा अनोळखी शब्द पकडता आला. अनोळखी नावापुढचा तसाच शब्द मात्र त्यांना पकडता आला नाही. एक शब्द पक्का ओळखीचा झाला की त्याच्या शेवटाला पुढच्या शब्दाची सुरुवात आयती मिळते, आणि तिथून पुढची मोजणी सोपी होते.