जुन्या कुऱ्हाडीचं पाणी

बेळगावच्या भंगार बाजारात, खानापूर-निपाणीच्या आठवडी बाजारात जमिनीवर ताडपत्री अंथरून कुलपं, पाने, बिजागऱ्या मांडलेल्या असतात. त्या ढिगात दांडा नसलेलं, गंजलेलं, धारेला दाते पडलेलं कुऱ्हाडीचं एखादं पातं हमखास सापडतं. भाव बहुतेकदा वजनावर ठरतो. कोणी उचललं नाही तर भंगाराच्या पोत्यातून ते फाउंड्रीच्या भट्टीत जातं आणि वितळून पंपाचं नाहीतर मोटारीचं कवच होऊन बाहेर पडतं. मला त्याची हळहळ वाटते, कारण यातली बरीच पाती अजून दोन पिढ्या लाकूड फोडतील अशी असतात. कुठलं पातं घ्यावं, हे मात्र गंजावरून कळत नाही. ते धारेतल्या पोलादावरून कळतं.

लोखंड आणि पोलाद यांत फरक आहे तो मुख्यतः कार्बनचा. जुन्या पद्धतीच्या मऊ घडीव लोखंडात कार्बन ०.१ टक्क्याहूनही कमी असतो. कुऱ्हाडीच्या धारेला लागणाऱ्या पोलादात तो साधारण ०.५ ते ०.८ टक्के असतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत ओततात त्या बिडात तो २ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून बीड साच्यात सुरेख उतरतं, पण घाव बसला की तडकतं. एवढ्याशा टक्केवारीवर सगळा खेळ आहे.

पूर्वी पोलाद महाग होतं. त्यामुळे लोहार मऊ लोखंडाची पट्टी दुमडून नेढं, म्हणजे दांडा बसवायचं भोक, तयार करायचा आणि पुढच्या तोंडात पोलादाचा छोटा तुकडा बसवून, तापवून, घणाने ठोकून एकजीव करायचा. अंग मऊ, धार कठीण. १८५६ मध्ये हेन्री बेसेमरची पोलाद करायची पद्धत आली, पोलाद स्वस्त होऊ लागलं आणि कारखान्यांतून सबंध पोलादाची पाती निघू लागली. आपल्याकडे टाटांच्या कारखान्यातून १९१२ मध्ये पहिलं पोलाद बाहेर पडलं. गावचा लोहार आज बहुधा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा वापरतो, आणि तो कुऱ्हाडीला चांगलाच चालतो.

हातातलं पातं यातलं कुठलं, हे पाहायला आधी नेढ्यात डोकवा. आतल्या बाजूला उभी जोडरेषा दिसली, तर ते दुमडून केलेलं आहे. मग धारेजवळचा दोन बोटं रुंद पट्टा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा आणि त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवा. कार्बन जास्त असलेलं पोलाद आम्लाने गडद राखाडी होतं, मऊ लोखंड फिकं राहतं, आणि दोहोंची सीमा नागमोडी रेषेसारखी उमटते. ही रेषा फार कामाची. पोलादाचा तुकडा मुळातच लहान असतो. वर्षानुवर्षं धार लावून आणि लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून ठोकून धार पातळ करून, घेऊन तो झिजत जातो. रेषेच्या पुढे बोटभर पोलाद उरलं असेल, तर पातं घ्या. रेषा धारेलाच टेकली असेल, तर उरलंय ते नुसतं लोखंड. ते कितीही पाजवलं तरी दोन ओंडक्यांत बोथट होणार. संपूर्ण पातं एकसारखं गडद झालं, तर ते सबंध पोलादाचं आहे.

शिक्के वाचताना थोडी काळजी हवी. विलायती पात्यावर ‘कास्ट स्टील’ असं कोरलेलं दिसलं की फाउंड्रीत काम केलेला माणूस ते ओतीव समजून बाजूला टाकतो. प्रत्यक्षात तो शिक्का जुन्या काळी चांगल्या पोलादाची ग्वाही होता. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवायची रीत बसवली. त्या पोलादाची लगड मग घणाखाली घडवत. मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात त्याच्या कितीतरी आधीपासून होत होतं, आणि १८२० च्या सुमारास मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने आपल्याकडच्या या पोलादाचे नमुने तपासले होते. बेळगाव जुनं लष्करी ठाणं. तेव्हा पात्यावर तीन रेघांचा बाण दिसला तर नवल नाही. ती सरकारी, विशेषतः लष्करी मालाची खूण.

मग पातं दोरीला टांगून हातोडीने हलकेच टिचकी मारा. सलग खणखणीत आवाज आला तर ठीक. आवाज दबका आला, तर नेढ्याच्या कोपऱ्यांत भेग शोधा. तुंब्याचा, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या जाड भागाचा, हातोडा म्हणून वापर केलेल्या पात्यांत ती तिथेच सापडते, कारण तिथलं लोखंड सर्वांत पातळ असतं. भेग असलेलं पातं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. घाव घालताना उडालेला तुकडा डोळा घेऊन जातो.

यापुढची परीक्षा कानशीची. आधी तुंब्यावर कानस फिरवा, मग धारेवर. तुंब्यावर ती सहज चावते. चांगल्या धारेवर ती चावते, पण कुरकुरत. दोन्हीकडे सारखीच सहज चालली, तर पात्याचं पाणी उतरलेलं आहे.

हे पाणी म्हणजे नेमकं काय? पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर नेलं की त्यातल्या लोहअणूंची मांडणी बदलते आणि कार्बन त्या नव्या मांडणीत विरघळतो. सावकाश थंड केलं तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळते आणि पोलाद मऊ होतं. लालबुंद असतानाच पाण्यात बुडवलं तर कार्बन जागच्या जागी अडकतो, मांडणी ताणली जाते आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण पण ठिसूळ रचना तयार होते. हा ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडी ऊब द्यावी लागते. जाणता लोहार हे एकाच तापात करतो, आणि ते बघण्यासारखं असतं. तो फक्त धारेकडचा भाग पाण्यात बुडवतो, बाहेर काढून दगडावर घासून चमकवतो आणि थांबतो. तुंब्यात उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकते, तसे चमकत्या पट्ट्यावर रंग चालू लागतात: गवती पिवळा साधारण २३० अंशाला, तपकिरी २५५ च्या आसपास, जांभळा २८० ला, मग तिनशेजवळ निळा. पृष्ठभागावर धरणारा ऑक्साइडचा थर तापाबरोबर जाड होत जातो आणि त्याच्या वरच्या-खालच्या पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून हे रंग दिसतात. कुऱ्हाडीसाठी तपकिरी-जांभळा धारेवर पोचला की लोहार पातं पुन्हा पाण्यात घालतो. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, नजर तेवढी.

असं निगुतीने दिलेलं पाणी आपण घरीच घालवतो. दांडा मोडला की नेढ्यात अडकलेलं खुंट निघत नाही, मग पातं चुलीत टाकून ते जाळायची रीत आपल्या भागात सर्रास आहे. चुलीतले निखारे सहाशे अंशांच्या वर सहज जातात. लाकूड जळतं आणि सोबत धारही मऊ होते. खुंट ड्रिलने भोकं पाडून, सळईने ठोकून काढावं. वेळ लागतो, पण पोलाद वाचतं. ग्राइंडरचंही तेच. चकतीखाली पातळ धार निळी पडली की तेवढी धार गेली, मग ती किती का चमकेना. भंगारवाले पातं खपावं म्हणून ग्राइंडर मारून ठेवतात. म्हणून मी चमकणाऱ्या पात्यापेक्षा गंजलेलं पसंत करतो.

गंज काढायला पातं व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या घट्ट कोळात रात्रभर बुडवून ठेवावं. आम्ल तांबडा गंज विरघळवतं. सकाळी तारेच्या ब्रशने घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच कोरडं करावं. आम्ल राहिलं तर तासाभरात नवा गंज धरतो. तांबडा गंज भुसभुशीत असतो, ओल धरून ठेवतो आणि आत पोखरत जातो. खाली काळसर घट्ट थर असेल तर तो खरवडू नका. तो मॅग्नेटाइटचा, आणि तेल लावत राहिलात तर पात्याला राखतो.

धार कानशीने लावावी आणि शेवटी निसण्यावर, म्हणजे धार लावायच्या दगडावर, पाणी घालून फिरवावी. धारेमागच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे गालांना, किंचित फुगीरपणा ठेवावा. सपाट पातळ धार लाकडात रुतून बसते, फुगीर गाल लाकूड बाजूला सारतो. पाणी उतरलेलं पातं असेल, आणि त्यात पोलाद शाबूत असेल, तर ते लोहाराकडे न्या. पाणी पुन्हा देता येतं. पाट्याचं पोलाद पाण्यात पटकन तडकतं, म्हणून काही लोहार ते तेलात थंड करतात. त्यांना तसं करू द्या.

दांड्याला आपल्याकडे धावडा नाहीतर बाभूळ. वखारीतून वाळलेलं, उभ्या सरळ रेषांचं लाकूड निवडावं. दांडा सैल झाला की कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवतात, ती सवय मोडायला हवी. लाकूड पाणी पिऊन फुगतं, नेढ्याचं लोखंड जागा देत नाही, म्हणून तंतू चेपले जातात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षाही बारीक होतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात घट्ट बसलेला दांडा अथणीच्या कोरड्या हवेत सैल पडतो, तो याच कारणाने. वाळलेल्या लाकडावर पाचर ठोकावी आणि उघड्या टोकाला जवसाचं तेल पाजावं. हवेतला ऑक्सिजन घेऊन जवसाचं तेल घट्ट होतं, शेंगदाण्याचं तसं होत नाही, चिकटच राहतं. हे घट्ट होताना उष्णता सुटते. तेलाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात गोळा करून टाकल्या, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात, मगच टाकाव्यात.