मेंढ्या बसविणे

मेंढ्या बसविणे : पीक निघाल्यावर मोकळ्या झालेल्या रानात मेंढ्यांचा कळप रात्रभर कोंडून त्यांच्या लेंड्या व मूत थेट जमिनीत मुरवण्याची पद्धत. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात ती दूरवर रूढ आहे. या नोंदीत मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागाचा, म्हणजे शिरूर, दौंड, पुरंदर, बारामती व इंदापूर तालुक्यांचा विचार केला आहे.

प्रथेचा आरंभ निश्चित करता येत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन वसाहत स्थूलमानाने इ. स. पू. 1600 ते 700 या काळातली मानतात. तिच्या अखेरच्या, उत्तर जोर्वे (जोर्वे नावाच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा उत्तरकाळ) टप्प्यात चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या दिसतात. त्यावरून पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी असे मांडले, की पाऊसमान घटून शेती खालावली आणि लोक अर्धभटक्या पशुपालनाकडे वळले. पुढच्या काही अभ्यासकांना हा बदल इतका सरसकट वाटत नाही. ढवळीकरांचे मत जसेच्या तसे स्वीकारले, तरी त्यातून शेळ्यामेंढ्या पाळल्या जात होत्या एवढेच ठरते. त्या दुसऱ्याच्या रानात मोबदला घेऊन बसवल्या जात होत्या, हे नव्हे. तशा व्यवहाराला रानाचा ठरलेला धनी आणि कळपाचा वेगळा मालक असे दोघे लागतात.

दुसरा आधार दैवतकथांचा. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या व बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा अभ्यासून ‘वन’ (मेंढपाळांचे रानमाळ) आणि ‘क्षेत्र’ (वसलेली शेतीची भूमी) या परस्परावलंबी जगांची मांडणी केली. पुरंदर तालुक्यातील वीरचा म्हस्कोबा धाराशिव जिल्ह्यातील सोनारीहून धनगर भक्तामागे आला, ही कथा मेंढपाळांच्या वाटांची स्मृती असावी. मात्र अशा कथांवरून काळ ठरवणे धोक्याचे. प्रस्तुत प्रथा स्थिर गावगाड्याबरोबर घडत गेली, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

मेंढ्या बहुधा दख्खनी जातीच्या असतात. धनगरांचे वाडे (एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट) दिवाळीच्या सुमारास घोड्यावर बिऱ्हाड लादून निघतात. काही वरंधा, ताम्हिणी अशा घाटांनी कोकणातल्या भातखाचरांत उतरतात आणि पावसाआधी परततात. कोकणातला पाऊस या मेंढीला मानवत नाही, खूर सडतात. वाटेत शेतकऱ्याशी बोलणी होऊन मोबदला धान्यात किंवा रोख ठरतो. संध्याकाळी खुंटांना वाघर (जाळे) बांधून कळप दाटीने कोंडतात, आणि दुसऱ्या रात्री वाघर शेजारच्या पट्ट्यात सरकवतात. तीच जागा पुन्हा धरली, तर एकीकडे खत साचते आणि दुसरीकडे रान उपाशी राहते. म्हणून जाणता शेतकरी सकाळी आधी लेंड्यांची कड पाहून ठेवतो.

कृषिविषयक पाठ्यपुस्तकांत शेळ्यामेंढ्यांच्या खतात नत्र सुमारे 3, स्फुरद 1 व पालाश 2 टक्के धरतात, तर शेणखतात नत्र 0.5 टक्क्याच्या आसपास. यातला काही फरक निव्वळ ओलाव्याचा आहे. पण वाहून आणलेल्या लेंडीखतापेक्षा बसवलेल्या मेंढ्या सरस ठरतात त्या मुतामुळे. कळप हिरव्यावर चरत असेल, तर निम्म्याहून अधिक नत्र मुतावाटे पडते, आणि मेंढ्यांच्या कोंडवाड्यातून खत उचलताना नेमके तेच हाती लागत नाही. हे नत्र मुख्यतः युरियाच्या रूपात असते. मातीतल्या विकरामुळे त्याचा अमोनिया होतो, आणि इथली काळी जमीन अल्कधर्मी व चुनखडीयुक्त असल्याने उघड्यावर तो लवकर उडून जातो. त्यामुळे कळप उठताच कुळवाची एक उथळ पाळी घालतात. पाळी आठवडाभर लांबली, तर मोबदल्याचा बराचसा भाग हवेत गेला असे समजावे. सेंद्रिय कर्बाबाबत मात्र अपेक्षा बेताची ठेवलेली बरी. उष्ण, कोरड्या हवेत तो झपाट्याने कुजून जातो.

झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांनी पुरस्कारलेल्या नियोजित चराईशी, म्हणजे दाट कळप, थोडा मुक्काम व मग दीर्घ विसावा या पद्धतीशी, या प्रथेची तुलना होते. अशा चराईने मातीत कर्ब साठतो, हे सेव्हरी यांचे दावे स्वतःच वादग्रस्त आहेत. शिवाय त्यांच्या पद्धतीत जनावर जिथे चरते तिथेच खत टाकते. इथे मेंढी दिवसा गायरानात व माळावर चरते आणि रात्री खाजगी रानात खत टाकते. थोडक्यात, सामाईक जमिनीतली अन्नद्रव्ये पिकाच्या जमिनीत येतात. कळप केवळ धाटे, बांधावरचे गवत व पडीवर चरला असेल, तर हा आक्षेप सौम्य होतो. स्थलांतरामुळे माळाला विसावा मिळतो, हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो: कळप बाहेर असतात ते कोरड्या महिन्यांत, गवत वाढते त्या पावसाळ्यात ते बहुतांशी घरच्या माळावरच असतात.

बियांबद्दल शेतकऱ्यांची तक्रार जुनी आहे. रवंथात बरेचसे तणबी नष्ट होत असले, तरी वेडी बाभूळ जनावरांच्या विष्ठेतून पसरते. शेंगा पिकण्याच्या दिवसांत कळप कोणत्या ओढ्याकाठून आला, याची चौकशी म्हणूनच मोबदल्याच्या बोलण्यांतच उरकून घेणे सोयीचे.